वास न येणारा रंग

१६ मार्च, रविवार

दहिसरला दर्शनाच्या माहेरी जाऊन आलो. पोरीचं बघायला माझी आईही तिथेच आहे. दर्शना म्हणाली, तेरा एप्रिलला पोरीला घेऊन घरी येते. म्हणजे चौदाला सगळे एकत्र. पण घरात वास आला तर दारातूनच परत. पोरीच्या छातीत घरघर आहे. डॉक्टर म्हणालेत धूळ नको, धूर नको, केमिकल नको.

म्हणाली, मग यंदा रंगच नको ना काढू.

शक्य नाही. चौदा एप्रिलच्या आधी घराला रंग, ही पप्पांची पद्धत. चाळीत होते तेव्हापासून. दिवाळीला नाही काढला तरी कोणी विचारत नाही. जयंतीला जुनी भिंत म्हणजे पप्पा घरात पाहुण्यासारखे बसतात.

तर ठरलं. वास न येणारा रंग. रिसर्च मी करणार. मला नाक आहे. घरात दुसऱ्या कोणाला नाही.

शिवाय आजपासून सिगारेट बंद. दर्शनाच्या हिशेबाने ती जूनपासूनच बंद आहे. तिला दिवस गेलेत कळलं तेव्हा शपथ घेतली होती. म्हणजे तसं नवीन काही नाही. फक्त आता खरोखर.

१८ मार्च

दुपारभर ऑफिसात बसून वाचलं. व्हीओसी म्हणजे रंग वाळताना त्यातून जे उडून हवेत येतं ते. महिनोन्‌महिने येत राहतं. आणि मुख्य गोष्ट: लो-ओडर वेगळं, लो-व्हीओसी वेगळं. वास नाही म्हणजे विष नाही असं नसतं.

हे वाक्य मला फार आवडलं. ऑफिसात सगळ्यांना ऐकवलं. कँटीनमध्येही ऐकवलं.

एवढं विष आजूबाजूला आहे हे वाचून अस्वस्थ झालो. घरी आल्यावर गॅलरीत एक ओढली. बंद उद्यापासून. मंगळवारी कोण काय सुरू करतं.

२२ मार्च

चारकोप मार्केटमधल्या रंगाच्या दुकानात. शेठने तीन डबे काढले. मी प्रत्येकाच्या मागचं बारीक अक्षर वाचलं. गिऱ्हाईक ताटकळले. शेजारचे जयवंतकाका ग्रिलसाठी ऑइल पेंट घ्यायला आले होते. म्हणाले, "रे प्रबुद्धा, रंग बघतंस काय चेडू बघतंस?" मी मुलगी पसंत करतोय म्हणे. सगळे हसले. हसू देत. यांच्या ग्रिलने उद्या अख्ख्या मजल्याचं डोकं दुखणार आहे.

शेठने मोगऱ्याच्या वासाचा एक डबा पुढे केला. म्हणाला, लेडीज लोक खूश होतात. मी ताबडतोब नाही म्हटलं. आतला वास झाकायला वरून सुगंध मारायचा ही शुद्ध फसवणूक आहे. असल्या रंगावर विश्वास कसा ठेवायचा?

घरी येताना वेलची घेतली. संपली होती. उद्या दहिसरला जायचंय.

२५ मार्च

हवा मोजायचं मीटर आलं. ऑनलाइन मागवलं. छोटं आहे, पप्पांच्या औषधाच्या डब्याएवढं. हवा चांगली असेल तर हिरवं, खराब असेल तर लाल. पप्पांना म्हटलं, आता अंदाजपंचे काही नाही, सगळं सायंटिफिक. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि टीव्हीवर ठेवलं.

हॉलमध्ये हिरवं. किचनमध्ये हिरवं. गॅलरीत जरा विचार करून आलो, मीटर हातात घेतलं, लाल.

समोरच्या लिंक रोडची हवा. आता गॅलरीचं दार बंदच ठेवायचं.

२७ मार्च

गॅलरीचं दार बंद ठेवून आत खिडकीशी ओढली. मीटर लगेच लाल. म्हणजे दार बंद करूनही लिंक रोड आत येतोय. या शहरात बाळ कसं वाढवायचं कळत नाही.

३० मार्च

भिंतीवर सॅम्पलचे चौकोन मारले. दर तासाला प्रत्येक चौकोनाला नाक लावून वास घेतला. एकाचाही आला नाही. पप्पा म्हणाले त्या डाव्या बाजूच्याचा येतो, डोळे चुरचुरतात. मी पुन्हा हुंगलं. काही नाही. वय झालं की भास होतात.

तरी त्यांचं मन राखायला डावा रद्द केला.

गडद शेड नकोच. मशीनमधून जे रंगद्रव्य टाकतात त्यातही व्हीओसी असू शकतं. म्हणून फिकट. फिकटात ऑफ व्हाइट की आयव्हरी, यावर झोप नाही. दर्शनाला दोन्हीचे फोटो पाठवले. तिने लिहिलं दोन्ही सारखेच आहेत. नाहीयेत.

२ एप्रिल

वाट लागली. पेंटर नाही. आमच्या सेक्टरमध्ये सगळ्यांनाच चौदाच्या आत रंग हवा, सगळे पेंटर बुक. मी डबे वाचत बसलो तोवर लोकांची घरं रंगून पण झाली.

शेवटी विकी मिळाला. पाचपासून येतो म्हणाला. येताना दरवाजांसाठी ऑइल पेंट आणि तारपीन आणतो म्हणाला. मी त्याला फोनवर व्हीओसी समजावून सांगितलं. बराच वेळ. शेवटी तो म्हणाला, भाऊ, तुम्ही म्हणाल तसं, फक्त फोन ठेवा, मी शिडीवर आहे.

रात्री छाती भरून आल्यासारखं झालं. टेन्शन. दोन ओढल्यावर बरं वाटलं.

५ एप्रिल

विकी आला. आधी फोटो उतरवायचे होते, बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा. पप्पा विकीला हात लावू देईनात. स्वतः स्टुलावर चढले, मी स्टूल धरलं. फोटो जमिनीवर नाही ठेवायचे, मग पलंगावर ठेवले. पलंग भरला. पप्पा म्हणाले मी खाली झोपतो.

फोटो निघाल्यावर भिंतीवर दोन पांढरेशुभ्र चौकोन दिसले. बाकी सगळी भिंत पिवळट. वर छताकडे तर चहासारखी.

मी विकीला दाखवलं, बघ, हे जुन्या रंगातलं केमिकल, इतकी वर्षं बाहेर पडतंय. फोटोच्या मागे हवा लागली नाही म्हणून तेवढंच वाचलं.

विकीने शिडी उघडली. पप्पांनी भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. "हं," म्हणाले. आणि फडक्याने फोटोची काच पुसत बसले.

७ एप्रिल

पॉलिश पेपरने घासकाम. घरभर पांढरी धूळ. मीटर फडक्यात गुंडाळून पप्पांकडे दिलं. तसंही मी ते परत पाठवणार आहे. डिफेक्टिव्ह आहे. पप्पांच्या हातात हिरवं, माझ्या हातात लाल. रिटर्नच्या कारणात काय लिहू? मीटरला माझी अ‍ॅलर्जी आहे?

बसवत नाही. उभंही राहवत नाही. पाच वेळा जिना उतरून टपरीवर गेलो. चहाला.

१० एप्रिल

दुसरा हात मारून झाला. आयव्हरी. दरवाजांनाही पाण्याचाच रंग. विकी वास घेऊन म्हणाला, भाऊ मानलं, काहीच येत नाही, रंग काढलाय असं वाटतच नाही.

याहून मोठं सर्टिफिकेट काय असतं? बाहेर जयवंतकाकांच्या ग्रिलचा वास जिन्यात पसरलाय म्हणे. मला तो पण आला नाही. आमच्या घराचा परिणाम.

डोळ्यासमोर सारखं एकच येतं. खिडकीजवळचा कोपरा, पोरगी माझ्या खांद्यावर, मागे नवी भिंत. दहिसरला सगळे तिला घेऊन बसतात, मला पाच मिनिटंच मिळते, आणि मीच लांब धरतो. इथे तसं नाही करणार. इथे छातीशी धरणार.

शेवटचं पाकीट. संपलं की संपलं.

१३ एप्रिल

संध्याकाळी आले. आई, दर्शना, पोरगी. पप्पांनी सकाळीच फोटो परत लावले होते, हार घातले होते. मी आंघोळ केली, नवीन शर्ट, वेलची.

दर्शना उंबऱ्यावर थांबली. पोरगी आईकडे दिली. एकटी आत आली. हॉलच्या मधोमध उभी राहून डोळे मिटले. मला वाटलं आता मेडल देणार.

"रंगाचा वास अजिबात नाही रे," म्हणाली. "खरंच नाही."

मी म्हटलं लो-व्हीओसी. मी आयव्हरीबद्दलही सांगायला लागलो.

ती म्हणाली, "म्हणून बाकीचा येतोय."

पडदा हातात घेऊन नाकाला लावला. सोफ्याची उशी. खिडकीची चौकट. मग माझ्याकडे बघितलं. मी लिंक रोडचं सांगितलं. जयवंतकाकांच्या ग्रिलचं सांगितलं.

पप्पा उठले. औषधाच्या कपाटातून मीटर काढलं. तिच्या हातात दिलं.

ती हॉलभर फिरली. हिरवं. किचन, हिरवं. पोरीचा कोपरा, हिरवं. नवी भिंत, हिरवं. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, प्रबुद्ध, श्वास सोड.

मी म्हटलं मीटर डिफेक्टिव्ह आहे.

"सोड ना."

साध्या वासाचा रंग काढला असता तर कोणाला काही कळलं नसतं.

१४ एप्रिल, दहिसर

ती चिडली नाही. तेच वाईट. म्हणाली, जूनपासून मी तुझ्यावर विश्वास ठेवला, आता पोरीची छाती बघायची की तुझं तोंड. रंगासारखंच समजावलं तिने. ज्याच्यातून बाहेर पडतंय त्याला घरापासून लांब उघड्यावर ठेवायचं, पूर्ण निघेपर्यंत. तोवर रात्री माझ्या माहेरी राहा, दिवसा ये. पोरीला उचलायचं नाही.

माझं वाक्यही तिने मलाच ऐकवलं. वास नाही म्हणजे विष नाही असं नसतं. मीच कधीतरी फोनवर सांगितलं होतं.

सकाळी वंदनेला घरी गेलो. दाराजवळ बसलो. पप्पा फोटोंसमोर ताठ बसले होते, पांढऱ्या शर्टात, स्वतःच्या घरात बसल्यासारखे. पोरगी त्यांच्या मांडीवर. माझ्याकडे बघून तिने जांभई दिली.

येताना पप्पा जिन्यापर्यंत आले. म्हणाले, भिंत छान झाली.

आता सासरी आहे. सासूबाई सुंदराबाईंनी दारातच थांबवून शर्ट भिजत टाकायला मागितला. अंथरूण गॅलरीत घातलंय. हवेशीर आहे म्हणाल्या.

आजपासून सिगारेट बंद. आज संध्याकाळपर्यंत ओढलेली नाही.

व्हिडिओ कॉल केला. दर्शनाने फोन भिंतीला टेकवून ठेवला. पोरगी दिसत नव्हती, नुसती भिंत. बराच वेळ बघितली.

ऑफ व्हाइट घ्यायला हवा होता.