श्रोत्यांची ओळ

तीर्थरूप आईस,
लांबूनच तुझ्या पायांवर डोकं.

मी ठणठणीत आहे. घसा बरा आहे, जेवण वेळेवर होतं. पेपरात वाचून उगाच जीव टांगणीला लावू नकोस. मागच्या कार्यक्रमात मी स्टेजवरून एवढंच म्हणालो, की आपल्या सरकारचं हे युद्ध मला पटत नाही.

काल पुन्हा गायलो. हॉल गच्च भरलेला बघून हायसं वाटलं. आपल्या त्या गाण्याची शेवटची ओळ मी नेहमी श्रोत्यांवर सोडतो, तुला माहीतच आहे. काल माइक त्यांच्याकडे केला, तर एकानेही तोंड उघडलं नाही. सगळे नुसते माझ्याकडे बघत बसले. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं गं! तिकीट काढून आले होते, गप्प बसायला.

तुझे गुडघे कसे आहेत? ताई येऊन गेली का?

आणि मी फोन केला की दर वेळी बाबा आंघोळीलाच कसे गेलेले असतात? दाढी करताना ते तीच ओळ गुणगुणायचे. अजून गुणगुणतात का? बंद केलं असेल, तर तेवढं मला कळवू नकोस.

तुझाच,
धाकटा