बाउन्स रेटमध्ये विशेष प्रावीण्य

सोमवार, ३ जून. सकाळी ११.१०
आजपासून रोजनिशी. घडणारा इतिहास कुणीतरी नोंदवायला हवा, आणि या इमारतीत ते जमेल असा मी एकटाच. कुलगुरूंनी विद्यापीठाच्या वेबसाइटची सूत्रं माझ्याकडे, म्हणजे उपकुलसचिवांकडे, सोपवली. आता वेब अ‍ॅनालिटिक्स येणार. वेबसाइटवर कोण आलं, किती वेळ थांबलं, कुठे कंटाळून उठून गेलं, सगळं आपल्याला बसल्या जागी दिसतं. (बसल्या जागी, हा भाग मला विशेष आवडला.) गेल्या वर्षी प्रवेशअर्ज बरेच घटले. कुलगुरू म्हणाले, का ते शोधा. मी म्हटलं, महिन्यात दाखवतो.
संकल्प: रोज एक तास आकडे. कारणं सांगायची नाहीत.

मंगळवार, ४ जून
संगणक कक्षातल्या बाईंनी ती यंत्रणा वीस मिनिटांत बसवली. मी त्यासाठी समिती नेमणार होतो. जरा पंचाईतच झाली.
समिती तरीही नेमली. अध्यक्ष मी.
आकडे उद्यापासून. आज पासवर्ड ठरवण्यात दिवस गेला.

शुक्रवार, ७ जून
वेबसाइटचा बाउन्स रेट अठ्ठ्याहत्तर टक्के! पंचाहत्तरच्या वर म्हणजे विशेष प्रावीण्य. कुलगुरूंना लगेच तसं कळवलं. बाई मागाहून म्हणाल्या, बाउन्स म्हणजे लोक दारातूनच परत फिरतात. मी म्हटलं, त्यांचं काम दारातच होत असेल. बाई संगणकाकडे वळल्या. पटलं असावं.
मात्र वेबसाइटला माणुसकीचा स्पर्श नाही, हे माझं निदान. म्हणून प्रवेशअर्जाच्या तिसऱ्या पानावर माझा फोटो टाकायला लावला. हसरा. खाली ‘आपले स्वागत आहे!’ बाई म्हणत होत्या, मोबाईलवर कसा दिसतो ते आधी तपासू. मी म्हटलं, फोटो मोबाईलवरच काढलाय.

सोमवार, १० जून
बायको एम.ए. करणार म्हणते. दूरशिक्षणाने, आमच्याच विद्यापीठातून. बी.ए. झाल्या झाल्या आमचं लग्न, मग माझ्या आईचं आजारपण, मग मुलगी, असं करता करता चोवीस वर्षं गेली. आता मुलगी परगावी नोकरीला आणि हिला औषधांच्या दुकानातली पाळी संपल्यावर दुपार मोकळी. विषय मानसशास्त्र. हाच का, असं विचारलं तर म्हणाली, प्रॅक्टिकल घरी झालंय, थिअरी तेवढी राहिली. माझ्या सहवासाचा परिणाम होतो माणसावर.
अर्ज मी ऑफिसातून भरून देतो म्हटलं. नको म्हणाली, माझी मी भरीन. मुदत अठ्ठावीस तारखेपर्यंत आहे. ढीगभर वेळ.

गुरुवार, १३ जून
आज अखेर तासभर आकडे पाहिले. ‘उपकुलसचिवांचे मनोगत’ या पानाला दहा दिवसांत दोनशे चौदा भेटी! ‘निकाल’ आणि ‘वेळापत्रक’ पुढे आहेत म्हणा, पण तिथे लोक गरजेपोटी जातात. इथे आवडीने येतात. बाईंनी नेहमीप्रमाणे खुसपट काढलं: त्यातल्या दोनशे नऊ भेटी पहिल्या मजल्यावरच्या एकाच संगणकावरून आहेत. म्हणजे चाहता आमच्याच मजल्यावर! मजल्यावर मी आणि शिपाई. शिपायाला बोलावून प्रेमाने विचारलं. नाही म्हणाला. लाजतो.
घरी आलो तर बायकोची तक्रार, अर्ज तिसऱ्या पानाच्या पुढे जात नाही. मी म्हटलं, सूचना नीट वाचाव्यात माणसाने. त्या मीच लिहिल्या आहेत. अकरा पानं.

सोमवार, १७ जून. दुपारी ४
अद्भुत! बाईंनी ‘हीटमॅप’ दाखवला. लोक पानावर जिथे जिथे बोट लावतात तिथे लाल डाग उमटतो. अर्जाच्या तिसऱ्या पानावर माझा चेहरा लालबुंद. नाकावर तर वणवा पेटलाय. एका उमेदवाराने एका बैठकीत बेचाळीस वेळा बोट लावलं. एवढी माया मला माहेरच्या, चुकलो, सासरच्या माणसांकडूनही मिळालेली नाही.
बाईंचं म्हणणं वेगळं. फोटो मोबाईलवर मोठा होतो आणि ‘पुढे’ हे बटण त्याच्याखाली झाकलं जातं. शंभरातले ऐंशी जण मोबाईलवरूनच येतात आणि बहुतेक इथूनच परत जातात. आकडे ओरडून सांगतायत, म्हणाल्या. फोटो काढा, पाच मिनिटांचं काम आहे.
आकड्यांचा अर्थ लावायला अनुभव लागतो. विषय समितीपुढे ठेवतो म्हटलं.

गुरुवार, २० जून
बायको जेवताना म्हणाली, अहो, ते बटण तुमच्या नाकाखाली आहे. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. मी आठवडाभर दाबतेय, काही उघडत नाही. मोबाईल जुना असेल म्हटलं. तर म्हणाली, तुमचाच आहे, नवा घेतलात तेव्हा मला दिलेला.
मी विषय बदलला. तिने बदलू दिला. हल्ली समजूतदार झालीय.

मंगळवार, २५ जून
समितीची बैठक. कुलसचिव रजेवर आणि बाईंना निरोप द्यायचा राहिला, त्यामुळे सदस्यसंख्या भरली नाही. फोटोचा विषय ४ जुलैच्या बैठकीत. पाच मिनिटांचं काम आहे म्हणून प्रशासनात उडी मारायची नसते.
अहवाल लिहायला घेतला. मुखपृष्ठ झालं.
आकडे पाहणं या आठवड्यात जमलं नाही. अहवालामुळे.
बायकोला विचारायचं राहून गेलं. गेला असेल अर्ज.

शुक्रवार, २८ जून. संध्याकाळी ६
अर्जाचा शेवटचा दिवस. दुपारी बायको थेट माझ्या केबिनमध्ये. हातात कागदावर भरलेला अर्ज, सुवाच्य अक्षरात. म्हणाली, खिडकीवर घेत नाहीत, ऑनलाइनच भरा म्हणतात. मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा. स्वतःच्या बायकोचा अर्ज हातात घेतला तर लोक तोंडात शेण घालतील. ती म्हणाली, माझा नका घेऊ, पण बाहेरच्या बाकावर एकोणीस जण तिसऱ्या पानावरचेच बसलेत, त्यातली एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन दोन गाड्या बदलून आलीय, त्यांचं काय? मी डोकावून पाहिलं. खरंच गर्दी होती. वेबसाइटचा परिणाम दिसू लागला म्हणायचा.
पाचला साइट बंद होते, घरून पुन्हा प्रयत्न करा, असं सगळ्यांना गोड शब्दांत सांगितलं. बायको टेबलावरचं पाणी प्यायली, धन्यवाद म्हणाली आणि गेली. चोवीस वर्षांत पहिल्यांदा धन्यवाद. संबंध सुधारतायत.

सोमवार, १ जुलै. दुपारी १
कुलगुरूंकडे बैठक. अर्ज गेल्या वर्षीच्याही निम्मे. मी मुखपृष्ठ सादर केलं. बाईंनी एकच कागद ठेवला: तिसऱ्या पानापर्यंत नऊशे चाळीस पोचले, पुढे गेले एकशे बारा. सात जूनपर्यंत तिथे कुणी अडत नव्हतं. सात जूनला काय झालं, असं कुलगुरूंनी विचारलं. मी मुखपृष्ठ पुन्हा पुढे सरकवलं. मग त्यांनी स्वतःचा मोबाईल काढला, पान उघडलं आणि माझ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. पुन्हा ठेवलं. मग मान वर करून खऱ्या चेहऱ्याकडे पाहिलं.
वेबसाइट बाईंकडे गेली. अर्जाची मुदत पंधरा दिवस वाढली. बाईंनी फोटो चार मिनिटांत काढला. पाच म्हणाल्या होत्या. अंदाज कच्चा आहे त्यांचा.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७
घाईघाईने घरी आलो. दारातूनच बायकोला सांगितलं, मुदत वाढली, बटण मोकळं झालं, आता भर. म्हणाली, शनिवारीच दुसऱ्या विद्यापीठात घेतला प्रवेश. नऊ मिनिटं लागली. त्याच मोबाईलवरून.
मी म्हटलं, दाखव बघू काय एवढं आहे त्यांच्यात. तिने मोबाईल पुढे केला. अर्ज साधा होता, पांढरा, फोटोबिटो काही नाही. शेवटी एकच प्रश्न विचारला होता त्यांनी: आमचंच विद्यापीठ का निवडलंत? त्याखाली बायकोने लिहिलं होतं, मध्ये कुणी आलं नाही.
पुस्तकं आणून देऊ का, असं विचारलं.
आणली, म्हणाली.