रिकामी वाटी

रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

वाटी घासली, पुसली आणि तशीच नेऊन दिली. गजराबाई दारातच बसल्या होत्या, लसूण सोलत. त्यांनी वाटी हातात घेतली. आत पाहिलं, मग माझ्याकडं. म्हणाल्या, "व्हय." एवढंच.

परवा याच वाटीतून त्यांनी दोडक्याची भाजी दिली होती. आमच्याकडून वाटी परत जाताना तिच्यात काहीतरी जातं – गुळाचा खडा, शेंगदाणे, काहीच नसलं तर चिमूटभर साखर. उमरग्यात राहायला आल्यापासून हे चालू आहे. एका भिंतीच्या अलीकडं आमच्या दोन खोल्या, पलीकडं त्यांची एक. कुणाची वाटी कुठली, ते नावावरून कळतं. त्यांच्या वाटीवर 'धुळाप्पा' कोरलंय – त्यांचे मालक. ते गेले तेव्हा नाव घालून वाट्या वाटल्या होत्या, त्यातल्या उरलेल्या.

पण ठरवलं म्हणजे ठरवलं. या वर्षी कॉलेजात मला तासिका मिळाल्या नाहीत. "पुढच्या सत्रात बघू, मॅडम." तोवर नवऱ्याच्या, उत्कर्षच्या पगारावर घर. हायवेवरच्या मेडिकलचा पगार तो केवढा असणार. म्हणून – घरात आलेलं घरातच खायचं. उसनं आणायचं नाही, द्यायचं नाही. कुणाचं मिंधं नको.

साधी गोष्ट आहे. तरी वहीत लिहून ठेवतेय.

२६ नोव्हेंबर

रविवारी केलेला आठवड्याचा बाजार एका पिशवीत बसला. दोडक्याच्या शिरांची चटणी केली, तीळ-लसूण घालून. मेथीचे देठ आमटीत. टोमॅटो महाग, म्हणून चिंच.

उत्कर्ष म्हणाला, "ही कसली चटणी? भारी झालीय."

"काल तू जे कचऱ्यात टाकायला निघाला होतास, त्याची."

हसला. आणखी मागितली. आणखी नव्हती. बोट फिरवून ताट पुसलं त्यानं.

२९ नोव्हेंबर

डाळ, तांदूळ, पीठ – दिवसाचं सकाळीच काढून ठेवते. मग डबे बंद. दिवसभर उघडायचे नाहीत.

मला हे आवडायला लागलंय. वाक्यातला एक शब्द काढून बघावा, वाक्य उभं राहतं का. राहतं. मग आणखी एक काढावा.

आज नळावर गजराबाईंना हे सगळं सांगितलं. म्हटलं, आमच्याकडं आता सगळं मोजून. त्या हंडा भरेपर्यंत ऐकत होत्या. म्हणाल्या, "बरं हाय."

३ डिसेंबर

पलीकडून वाटी नाही. बरंच झालं, असं लिहिलं होतं. खोडलं.

६ डिसेंबर

भिंत पातळ आहे. सकाळी भाकरी थापल्याचा आवाज येतो. आधी त्याच्यामागून फोडणी यायची. मोहरी तडतडली की मिरचीचा ठसका आमच्या खोलीत. उत्कर्ष खोकत खोकत भिंतीला सांगायचा, "मावशी, मिरची कमी करा, माणूस मरंल!"

पलीकडून यायचं, "नाकाला रुमाल बांधा, भाऊ. दवाखान्यातलेच हाय की तुमी."

मेडिकल म्हणजे दवाखाना नव्हे, हे त्यानं त्यांना कितीदा सांगितलं असेल.

आज लक्षात आलं, बरेच दिवस ठसका नाही. फोडणीच नाही. भाकरीचा आवाजसुद्धा दोन-चार थापा, की बंद.

९ डिसेंबर

नळावर विचारलं, "मावशी, आज काय केलं?"

"काय करायचं. कडक भाकर हाय, चटणी हाय."

"आणि भाजी?"

"एकटीसाठी काय फोडणी घालायची, मॅडम."

मॅडम. याआधी 'पोरी' होते.

चिडलेल्या नव्हत्या. खरं तेच सांगितल्यासारखं बोलल्या. त्यांचा शिवराज हैदराबादला असतो, बायकोमुलं तिकडंच. वर्षातून एकदा येतो. म्हणजे इथं त्यांची भाजी खाणारे आम्ही दोघंच होतो. वाटीभर आमच्याकडं जायचं म्हणून रोज कढई चढत होती.

हंडा उचलायला हात पुढं केला. म्हणाल्या, "राहू द्या."

'राहू दे' नाही, 'राहू द्या'. मला.

१० डिसेंबर

हुलग्याच्या पिठाचं माडगं केलं, पेजेसारखं. आमच्या वाटीत घालून गरमच घेऊन गेले. त्यांचं दार अर्धं लोटलेलं.

"ठेवा तुमालाच. तुमचं मोजलेलं असतंय."

वाटी परत आणली. तेवढ्यात माडग्यावर साय धरली होती. उत्कर्षनं खाल्लं. मला जाईना.

१४ डिसेंबर

शेवटी उत्कर्षला सगळं सांगितलं.

"मग अर्धा किलो गूळ नेऊन दे."

"घेणार नाहीत."

"शेंगदाणे?"

"काहीही नेलं तरी घेणार नाहीत. माझ्याकडून नाही."

बराच वेळ बूट पुसत बसला. मग म्हणाला, "चार दाणे साखर टाकायला काय झालं होतं गं तुला?"

रागावून नाही बोलला. रागावला असता तर मी भांडले असते.

साखर होती. दुसऱ्या दिवशीच्या चहाची काढून ठेवलेली, म्हणून नाही टाकली.

१५ डिसेंबर

भात जास्त शिजला. कधी नव्हे ते. दोघांच्यापुरताच घेतला होता, तरी. शिळ्या भाताला रात्री फोडणी दिली. फोडणी देताना भिंतीकडं बघितलं.

२२ डिसेंबर

गजराबाई वाळल्यात. की मलाच तसं दिसतंय? लुगड्याचा काठ घोट्याखाली लोळत होता.

२९ डिसेंबर

उद्या येळवस, म्हणजे वेळा अमावस्या. गल्लीत घरोघरी भज्जीची तयारी. ओला हरभरा, तुरीचे दाणे, वाटाणा, चिंचेचा कोळ, बेसन. आंबील कालच लावून ठेवलेली. उद्या सगळा गाव शेतात जेवणार. ज्याला शेत नाही त्यानं दुसऱ्याच्या शेतात जायचं. कुणीही जावं, कुणीही वाढावं.

मागच्या वर्षी आम्ही गजराबाईंच्या भावाच्या शेतात गेलो होतो, मुरुमच्या अलीकडं. एका मोटरसायकलवर तिघं. मध्ये गजराबाई, मागं मी, माझ्या मांडीवर आंबिलीचं मडकं. खड्डा आला की गजराबाई ओरडायच्या, "भाऊ, आंबील!" आणि मला वाटायचं, आपण पडलो तरी चालेल, आंबील सांडता कामा नये. अर्धी अंगावर सांडलीच. त्यांच्या भावजयीनं मला स्वतःचं पातळ नेसायला दिलं. येताना तेच नेसून आले. घरी आल्यावर घडी घालून गजराबाईंच्या हाती परत दिलं – त्याच्या पदरात गूळ बांधून. तेव्हा मला हे सगळं येत होतं!

३० डिसेंबर, येळवस

मेडिकलच्या मालकांनी आम्हाला त्यांच्या शेतावर बोलावलं होतं. उत्कर्ष सकाळीच गेला. मी नाही गेले. म्हटलं, आपण त्यांना उलटून कधी जेवायला घालणार?

दहापर्यंत गल्ली रिकामी. दुकानं बंद. कुत्रीसुद्धा माणसांच्या मागं गेली असावीत.

कपडे वाळत घालायला बाहेर आले. गजराबाई उंबऱ्यावर बसलेल्या. नवं लुगडं, केसांना तेल, बाजूला झाकण बांधलेलं मडकं.

काय झालं ते तिथंच, ओला टॉवेल हातात असताना कळलं. त्यांना न्यायला गाडी नव्हती. आमची गाडी होती ती. त्यांनी मागितली नव्हती आणि मला आठवलं नव्हतं.

"मावशी, शेतात नाही गेलात?"

"ऊन लागतंय."

थंडी होती. मी अंगावर शाल घेतली होती.

"तुमचे भाऊ नेणार होते ना, मुरुमचे?"

"त्याच्याकडं लई पाव्हणे. कुणाकुणाला आणील त्यो."

मी उत्कर्षला फोन लावला. लागला नाही. दोनदा लावला. मग मीही आमच्या उंबऱ्यावर बसले. एवढी मोठी गल्ली, दोन उघडी दारं, मध्ये एक भिंत. दुपारपर्यंत दोघी तिथंच. मडकं तसंच. त्यांनी एकदा झाकण नीट केलं.

संध्याकाळी उत्कर्ष डबा घेऊन आला. भज्जी, बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे. मालकीणबाईंनी बांधून दिलेलं. मी काही सांगायच्या आत तो त्यांच्या दारात गेला. त्यांनी डब्यातला एक उंडा घेतला, कपाळाला लावला. बाकी परत.

"येळवशीचं हाय, न्हाय म्हनू न्हाय."

१ जानेवारी २०२५

उत्कर्षला म्हटलं, त्यांनी नुसतं विचारलं असतं तरी तू नेलं असतंस.

"मागच्या वर्षी तरी कुठं विचारलं होतं? नुसत्या म्हणाल्या, भाऊ, गाडीत हवा हाय का. मी म्हटलं, चला."

४ जानेवारी

बाराच्या सुमाराला उत्कर्षचे चुलते बिभीषणकाका आणि सीताकाकू दारात. सास्तूरहून. काकूंचे गुडघे दाखवायला इथल्या दवाखान्यात आले होते.

"सूनबाई, जेवूनच जाऊ. हॉटेलचं हिला चालत न्हाय."

"मला चालतंय," काकू म्हणाल्या. "ह्यांनाच पैशे काढायला चालत न्हाय."

त्यांना बसवलं, पाणी दिलं. आत जाऊन डबे उघडले. पीठ होतं. तांदूळ होते. डाळ संपलेली, बाजार उद्या. भाजीची पिशवी झटकली तर दोन कांदे.

दुकान कोपऱ्यावर आहे. पैसेही होते. चप्पल घातली, पिशवी घेतली. मग पिशवी ठेवून वाटी घेतली.

गजराबाई आडव्या झाल्या होत्या. उठून बसल्या.

"मावशी, पाहुणे आलेत. आमटीला घरात काही नाही. तुमच्याकडचं काहीतरी द्या."

त्यांनी आधी वाटीत बघितलं. त्या दिवशी बघितलं तसंच.

"आज मोजलं न्हाय वाटतं?"

"मोजलं होतं. पाहुणे मोजले नव्हते."

हसल्या नाहीत. पण उठल्या. फळीवर मोहरीची बरणी, काठोकाठ. ती बाजूला सरकवून मागचा डबा काढला. येसर – भाजलेली धान्यं, डाळ, धणे, मिरची, सगळं एकत्र दळलेलं पीठ. झाकण उघडल्याबरोबर खोलीभर वास.

"माणसं किती?"

"ते दोघं आणि मी."

"चौघांचं धर."

"चौथं कोण?"

"पाव्हण्याला दुसऱ्यांदा वाढायचं असतंय का न्हाय? धर म्हनलं की धरावं." वाटीत येसर घालत बोलत होत्या. "गार पान्यात कालव. गाठी मोड. फोडणी जळू दिऊ नको, कांदा लाल झाला की वत. उकळी आली की दमानं घ्यायचं, लगेच उतरवायचं न्हाय."

मी वाटी घेऊन निघाले. मागून आलं, "पोरी, मीठ शेवटाला."

घरी येऊन कांदा चिरला. डोळ्यांना पाणी आलं. कांदा होताच.

आमटी झाली. काकांनी भाकरी कुस्करली, भुरका मारला. "अगदी आपल्या सास्तूरच्यासारखी."

"सास्तूरच्यासारखी म्हंजी माझ्यासारखी म्हना की," काकू म्हणाल्या. "नाव घ्यायला लाज वाटती व्हय?"

दोघांनी दुसऱ्यांदा घेतली. काकूंनी तिसऱ्यांदा.

ते गेल्यावर पातेल्याच्या तळाशी उरली ती वाटीत काढली, पलीकडं नेली. आमचीच वाटी. गजराबाईंनी हातात घेतली. कडक भाकरीचा तुकडा मोडून आत बुडवला.

"मीठ कमी."

"शेवटाला घातलं. तुम्ही सांगितलं तसं."

"शेवटाला सांगितलं. कमी घाल म्हनलं न्हवतं."

सगळी संपवली. बोट फिरवून. मी वाटीसाठी हात पुढं केला तर म्हणाल्या, "असू दे हितंच. घासून देते."

५ जानेवारी, रविवार

सकाळी दार वाजलं. गजराबाई. हातात आमची वाटी, घासलेली, रिकामी. म्हणाल्या, "मोहरी संपलीय. चमचाभर दे." मी वाटी भरून दिली. थोड्या वेळानं भिंतीपलीकडं फोडणी तडतडली आणि उत्कर्षला ठसका लागला.