चार टायर, चार पाहुणे

१८ नोव्हेंबर
लाल टर्बो घेऊन तीन महिने झाले. सेकंडहँड, पण पळताना ते दिसत नाही. १२ डिसेंबरला दादाच्या राजनंदिनीचं लग्न, आजऱ्याला. नवरी माझ्याच गाडीतून जाणार, हे ती सहावीत असल्यापासून ठरलंय. टायर गुळगुळीत झालेत. चारी नवीन घालायचे.

१९ नोव्हेंबर
अडचण. उदयसिंह दाजी, मेहुणा पिराजी, बाळासो मामा आणि चुलतभाऊ केरबा, चौघांचीही टायरची दुकानं. कंपन्या चार. एकाकडून घेतले तर तिघं लग्नात जेवणार नाहीत. वास्तुशांतीला पिराजीला फेटा उशिरा बांधला, तो अजून फोन उचलत नाही.

२१ नोव्हेंबर
तोडगा निघाला. प्रत्येकाकडून एक. चौघेही खूश, पिराजीनं स्वतः फोन केला. शिवाय चार कंपन्यांचं संशोधन एकाच गाडीत. गाडी बनवणाऱ्यांना हे का सुचलं नसावं?

२४ नोव्हेंबर
टायर बसवायला रफिककडे. त्याचं अलाइनमेंटचं गॅरेज, आमची वीस वर्षांची दोस्ती. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. म्हणाला, "भावा, म्होरचं दोन तरी जोडीचं घाल की. एक वल्या रस्त्याला धरंल, दुसरं सुटंल." माणूस चांगला, पण स्वतःची गाडी चौदा वर्षं जुनी. परफॉर्मन्सचा अनुभव नाही.

३० नोव्हेंबर
ट्रायल. उत्तम. गाडी थोडी डावीकडे ओढते. स्टिअरिंग कायम उजवीकडे धरलं की सरळ जाते. खांद्याला व्यायाम. बायको, म्हणजे अनुजा, कळंब्याला उतरली आणि रिक्षाने घरी गेली. भाजी घ्यायची होती म्हणाली. भाजी आणली नाही.

८ डिसेंबर
रफिक घरी आला. पुढे जोडीचे दोन टायर फुकट घालून देतो म्हणाला. पण काढायचे कुणाचे? त्याला आमचे पाहुणे माहीत नाहीत. शेवटी म्हणाला, "मग मी मागनं येतो." ये म्हटलं, पण मी तुला दिसणार नाही.

१२ डिसेंबर
आजऱ्याच्या अलीकडे वळणावर उसाच्या ट्रॅक्टरने ओला चिखल आणून ठेवलेला, ट्रॅक्टर पुढेच उभा. ब्रेक मारला. एका टायरने ऐकलं. बाकीच्यांनी आपापलं ठरवलं. गाडी गोल फिरली आणि मागून उसात गेली. कुणाला खरचटलंही नाही. राजनंदिनी उतरली, शालू चिखलात.

पाहुण्यांच्या गाड्या थांबल्या. चौघेही आपापल्या टायरपाशी वाकले. दाजी म्हणाले, "आमचा शाबूत हाय." बाळासो मामा म्हणाले, "आमचा तर अजून रस्त्यावरच हाय की." पिराजीने त्याच्या टायरचा फोटो काढला.

रफिकने त्याच्या गाडीचं दार उघडलं. राजनंदिनी माझ्याकडे न बघता जाऊन बसली. चूक ट्रॅक्टरवाल्याची, तरी फार वाईट वाटलं. अक्षतांना मी ट्रॅक्टरमधून पोचलो, त्याच.

चौघेही जेवले.

१३ डिसेंबर
काल पाठवणीला राजनंदिनी गळ्यात पडून रडली. मीही रडलो. मग कानात म्हणाली, "काका, मांडवपरतणीला माहेरी न्यायला तुम्हीच या. दुसरं कुणी नको."

मी फेटा सरळ केला.

"फकस्त रफिकचाचांच्या गाडीतनं या. आणि चालवू द्या त्यांनाच."

बरं म्हटलं. आज गॅरेजला जाऊन रफिकची गाडी बघून आलो. चारी टायर एकाच कंपनीचे. मागे बसायला जागा बरी आहे.