सिरपचं विरजण

सोमवार, १० जानेवारी २००५
सप्टेंबरपासून इथे एक ओळ नाही. माफी असावी. न लिहिण्याची कारणं तरी लिहायची होती, तीही राहिली. आता नियमित.

ऋजुताच्या शाळेत पालकांनी येऊन विज्ञान शिकवायचं आहे. इतर पालक ज्वालामुखी करणार: व्हिनेगर, खायचा सोडा, टाळ्या. मी शाळेच्या आवारातल्या सिकॅमोरमधून मेपल सिरप काढणार. सिकॅमोर म्हणजे मेपलचाच भाऊबंद. खोडाला भोक, नळी, बादली. रस आटवला की सिरप. ८ फेब्रुवारीला पॅनकेक डे. सगळ्या वर्गाला घरचं सिरप!

खरं कारणही लिहायला हवं. 'माझे बाबा काय करतात' या निबंधात पोरीने एकच वाक्य लिहिलं: 'माय डॅड सिट्स.' बाकी पान कोरं. मैत्रिणीचे बाबा हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, त्यांच्यावर दीड पान. आयटी म्हणजे बसणं, हे अगदीच खोटं नाही. तरीही.

शुक्रवार, १४ जानेवारी
भोक पाडलं. त्याआधी वर्गशिक्षिका मिसेस हारग्रीव्हज यांनी रिस्क असेसमेंट भरून घेतलं. बोटाएवढं भोक, आणि अख्खा वर्ग गॉगल लावून दोरीपलीकडे. बादलीवर मी ठळक अक्षरांत लिहिलं: 'सायन्स इन प्रोग्रेस'. एका मुलीने विचारलं, झाडाला दुखतं का? मी म्हणालो, उत्तम प्रश्न. घरी येताना तोच स्वतःला विचारला.

बुधवार, १९ जानेवारी
बादली कोरडी. रस वाहायला रात्री गोठवणारी थंडी हवी आणि दिवसा ऊब. लंडनच्या या टोकाला, हाउन्सलोत, दोन्ही नाही, फक्त ढग आहेत. धीर धरणे. वीणा म्हणाली, "माणसांना सल्ले देऊन झाले, आता झाडाच्या मागे लागलास?" बायकोच्या बोलण्यावर विचार करायचा, असा नववर्षाचा संकल्प आहे. केला. पटलं नाही.

सोमवार, २४ जानेवारी
बादली काठोकाठ! ऋजुता म्हणाली, "बाबा, वीकेंडला खूप पाऊस आली होती." तिला समजावलं की विज्ञानात घाईने निष्कर्ष काढायचे नसतात. झाकण मी मुद्दामच लावलं नव्हतं. निसर्गात ढवळाढवळ मला पसंत नाही. चव घेतली. अतिशय सौम्य.

शनिवार, २९ जानेवारी
पॅटिओवर कॅम्पिंगच्या शेगडीवर दिवसभर आटवलं. शेजारचे मिस्टर डॉब्सन कुंपणावरून डोकावले आणि म्हणाले, एवढा चहा कोणासाठी? संध्याकाळी पातेल्याच्या तळाशी एक तपकिरी डाग. रंग अचूक! आता फक्त प्रमाण वाढवायचं. रसात एक कुजलं पान सापडलं होतं, रंग त्याचाही असू शकतो. हे लिहून ठेवतोय, कारण लपवाछपवी माझ्या स्वभावात नाही.

रविवार, ६ फेब्रुवारी
परवा पॅनकेक डे. डाग अजून डागच.

सकाळी दही लावताना सुचलं. दुधाचं आपोआप दही होत नाही, विरजण लागतं. सिरपचं वेगळं काय? सासूबाईंनी कराडच्या गुऱ्हाळातली काकवी आणली आहे. उसाचा रस आटवून केलेली, म्हणजे तत्त्व तेच. चमचाभर घातली. फारच एकटी दिसली. आणखी घातली.

वीणाने विचारलं, काकवीची बाटली कुठाय? म्हणालो, विरजणात. "अख्खी? अरे, मग दूध कुठाय?" हा प्रश्न तांत्रिक होता. वर्गात 'मिश्र सिरप' असं स्पष्ट सांगायचं, हे नक्की.

मंगळवार, ८ फेब्रुवारी
प्रचंड यश. मुलांनी ताटल्या चाटल्या. मिसेस हारग्रीव्हज म्हणाल्या, त्यांची बहीण कॅनडात असते, पण असं सिरप तिच्याकडेही मिळत नाही. यात शंकाच नाही. 'मिश्र' म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात हीथ्रोचं विमान डोक्यावरून गेलं. ते जाईपर्यंत विषय बदलला होता.

ऋजुता दर रविवारी धिरड्यावर हीच काकवी खाते. एक घास घेऊन तिने माझ्याकडे पाहिलं. बाईंनी विचारलं, तूही मदत केलीस ना? "यस, मिस," ती ताटलीकडे बघत म्हणाली.

बसमध्ये म्हणाली, "बाबा, फेअर टेस्टमध्ये एकच गोष्ट बदलायची असते. तू तर झाडच बदलला." मग म्हणाली, गुरुवारी असेम्ब्लीत सगळ्या शाळेला सिरपची गोष्ट तिनेच सांगायची आहे. "मी काय सांगू?" म्हटलं, तू काळजी करू नकोस, उद्या मी स्वतः बाईंना भेटतो.

बुधवार, ९ फेब्रुवारी
सकाळी क्लायंटचा कॉल. दुपारी बाई शिकवत असणार. असल्या गोष्टी फोनवर सांगणं बरं नाही, ईमेलवर तर असभ्यच. उद्या असेम्ब्लीआधी, समोरासमोर. ऋजुता अर्धी पोळी ताटात टाकून उठली. दमली असेल. नाही, दमली नव्हती.

गुरुवार, १० फेब्रुवारी
काय बोलायचं ते ठरवत शाळेच्या फाटकाबाहेर उभा राहिलो. वाक्य छान जमलं. आत गेलो तर असेम्ब्ली सुरू झालेली, ऋजुता स्टेजवर. सांगत होती: आमच्या झाडाने पाणी दिलं, आणि ते बहुतेक आकाशाचं होतं. सिरप माझ्या आजीचं आहे, उसाचं. झाडाने दिलं नाही याचं डॅडला वाईट वाटलं, म्हणून त्याने ते आणलं.

सगळी शाळा मागे वळली. मी हात हलवला. का, माहीत नाही.

टाळ्या मात्र खूप पडल्या. मिसेस हारग्रीव्हज म्हणाल्या, फसलेला प्रयोग इतका नीट मांडलेला त्यांनी कधी ऐकला नव्हता. मग माझ्याकडे बघून नुसत्या हसल्या. माझं जमलेलं वाक्य वायाच गेलं. वर्गाने मतदान केलं: बादली काढायची नाही, पर्जन्यमापक म्हणून ठेवायची. ते काम ती पहिल्यापासून चोख करते आहे.

बाहेर आल्यावर ऋजुताने माझा हात धरला. म्हणाली, "मी निबंध परत लिहिणार. माय डॅड ट्राइज." विचारलं, मग 'सिट्स' काढणार ना? म्हणाली, "नाही, राहू दे. ते खरं आहे ना."

उद्या: बादलीवर मिलिमीटरच्या खुणा करणे.