डाव्या पायातली चप्पल

शुक्रवार, संध्याकाळ. अल मनखूल, दुबई.

दुपारी फोनवर हल्ल्याचा अलर्ट वाजला आणि अख्खी बिल्डिंग खाली पार्किंगमध्ये जमली. शेजारच्या काकूंनी विचारलं, "तुझ्या घरचं कोणीच नाही ना रे इथे?" मी "नाही" म्हटलं. मेल्विन शेजारीच बसला होता. चार वर्षं एका घरात, एका पलंगावर. लोकांसाठी मात्र रूममेट. कळलं तर नोकरी, व्हिसा, सगळं खलास. पण म्हणून इतक्या पटकन "नाही"? त्याने नुसतं माझ्या पायांकडे बघितलं. घाईत माझ्या डाव्या पायात त्याची चप्पल आली होती, त्याच्या पायात माझी.

वर आल्यावर सॉरी म्हटलं. "यल्ला, चल, चहा टाक," म्हणाला.

त्याची चप्पल मला मोठी होते. अजून काढवत नाहीये.