आजार नसल्याची लक्षणं

८ डिसेंबर
लग्नाची धांदल संपली. आज पहिल्यांदाच निवांत बसून लिहायलेय. सासर बाकी झकास मिळालं, दृष्ट नको लागायला! पुढं किराणा दुकान, मागं घर आणि चुडाव्याचं स्टेशन हाकेच्या अंतरावर. जानेवारीत परभणीच्या कॉलेजात मला समुपदेशक म्हणून रुजू व्हायचंय. सकाळच्या गाडीनं जा, संध्याकाळच्या गाडीनं ये, असं माझ्या नवऱ्यानं, विरेशनं, साखरपुड्यातच सांगून टाकलंय. सासूबाईंना इथं आत्याबाई म्हणायचं. त्यांनी शेजारच्या कमलबाईला मुद्दाम बोलावून मला दाखवलं. आमची महेश्वरी माणसाचं डोकं वाचती, लय शिकलेली हाय, म्हणाल्या. एम. ए. मानसशास्त्राचा असा मान कधी मिळाला नव्हता. मी आपली फुगले.

सगळ्यांची लिंगपूजा झाल्याशिवाय चहा मिळत नाही, तेवढं एक जड जातं. थोरले दीर बसवेश्वर दुकानात असतात. त्यांची बायको स्वप्नाअक्का, माझी जाऊ. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. बोलतात कमी, पण पोळ्या काय सुरेख करतात!

१५ डिसेंबर
दुपारी ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. आत्याबाईंनी विचारलं, येडेपणाचे परकार तरी किती असतात गं? झालं, मला तेवढंच पाहिजे होतं. चिंतेचा विकार सांगितला, की कारण नसताना छाती धडधडते, झोप उडते. नैराश्य सांगितलं. मंत्रचळ सांगताना त्यांचंच उदाहरण दिलं, कारण दुकानाचं कुलूप त्या सतरांदा ओढून बघतात. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मग दोन टोकांचा आजार. कधी माणसाचे आभाळाला हात, तर कधी पांघरुणातून तोंड काढत नाही. शेवटी सगळ्यात अवघड, स्किझोफ्रेनिया. नसलेले आवाज ऐकू येतात, सगळे आपल्याविरुद्ध कट करायलेत असं वाटतं.

कमलबाई म्हणाली, मग समजावून सांगावं की त्याला. मी म्हटलं, काही उपयोग होत नाही हो. आपण आजारी आहोत हेच त्याला पटत नसतं. मी चांगला आहे, मला काही झालं नाही, हेच धरून बसतो. तीच तर खूण.

एवढं आत्याबाईंनी परत म्हणून घेतलं. सातवी शिकलेली बाई, पण एकदा ऐकलं की पाठ. कॉलेजात असे विद्यार्थी मिळाले तर माझं भाग्यच.

२१ डिसेंबर
आज स्वयंपाकघरात अक्कांनी माझा हात धरला. हे लोक माझ्या जागी दुसरी आणायलेत, म्हणाल्या. मी खोलीत गेले की फोनवरचं बोलणं थांबतं. माझ्या पेटीतल्या साड्या कुणीतरी चाळल्या. कमलबाईपण त्यांना सामील हाय. अगं बाई! पुस्तकातलं पानच माझ्यापुढं उभं राहून बोलत होतं. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर जरा आनंदही झाला, की मी ओळखलं.

आत्याबाईंना सांगितलं, हा संशयाचा भ्रम आहे, डॉक्टरला दाखवा. त्यांनी मोठा उसासा टाकला. दिरांनी लगेच पोखर्णीला, अक्कांच्या माहेरी फोन लावला आणि माझ्या हातात दिला. शिकलेल्या माणसानं सांगितलेलं बरं, म्हणाले. मी सगळं नीट समजावलं. मागून अक्का ओरडत होत्या, मला काही झालं न्हाई, मी चांगली हाय! मी फोनमध्ये म्हटलं, ऐकलंत ना तुम्हीच?

२३ डिसेंबर
अक्कांचा भाऊ येऊन त्यांना घेऊन गेला. जाताना ओरडल्या नाहीत. माझ्याकडं नुसतं बघितलं. विरेश म्हणाला, तुझ्यामुळं निभावलं बघ. पोळ्या आता माझ्याकडं आल्यात. जमत नाहीत.

६ जानेवारी
सकाळपासून पुरणाचा घाट. कुणाचे पाहुणे ते मला सांगितलंच नव्हतं. थोरल्या दिरांना मुलगी देणार आहेत, ते घर बघायला आले होते.

पाहुण्यांतली एक बाई जेवताना सहज बोलून गेली, दिवाळीपासून बोलणी चालू हाईत, पयलीचं डोकं फिरलंय म्हणून समजलं, मग ते तरी काय करतील बिचारे. दिवाळीपासून! तेव्हा तर माझं लग्नही झालं नव्हतं. आणि मुलगी कोण, तर कमलबाईची भाची.

अक्का बोलल्या त्यातला शब्द न् शब्द खरा होता. आणि मी त्याला आजाराचं नाव दिलं. वाढता वाढता कटाची आमटी ताटाबाहेर सांडली. आग लागो माझ्या शिक्षणाला.

७ जानेवारी
आत्याबाईंना तोंडावर सांगितलं. मी पोखर्णीला जाणार, अक्का ठणठणीत आहेत, चूक माझी झाली असं त्यांच्या आईबापापुढं सांगणार. त्या तांदूळ निवडत राहिल्या. मग मीच ओरडले. हातातलं ताट आपटलं. तरी चिडल्या नाहीत. हळू आवाजात विचारलं, रात्री झोप लागली का गं?

विरेश दारातच उभा होता.

९ जानेवारी
आज कॉलेजात रुजू व्हायचं होतं. माझा फोन विरेशनं दुरुस्तीला नेलाय. त्याला काय झालं होतं? चांगला चालत होता. तशीच निघाले स्टेशनवर. विरेश मागून आला, दंडाला धरून परत आणलं. सगळं गाव बघत होतं. मी हात सोडवायला धडपडले, तर एक म्हातारा म्हणाला, सांभाळून न्या बाबा लेकराला.

दुपारी ओसरीत आत्याबाई कुणाला तरी सांगत होत्या, कधी आभाळाला हात लावती, कधी पांघरुणातून तोंड काढत न्हाई. मोठा आजार हाय म्हणे.

माझंच वाक्य. जसंच्या तसं.

१३ जानेवारी
छाती धडधडते — हो. झोप — नाही. जेवण जात नाही. दाराची कडी बाहेरून लावलीय का, हे पुन्हा पुन्हा ओढून बघते. सगळे माझ्याविरुद्ध कट करायलेत — करायलेत! खरंच करायलेत!

हे परत वाचून बघितलं. अशी बाई समोर आली असती तर मी काय म्हटलं असतं? लगेच सांगितलं असतं, की हिला —

आणि खरंच मला काही झालं असेल तर? मला कळणार नाही. तीच तर —

१६ जानेवारी
या लोकांनी माझ्या वडलांना, अप्पांना, बोलावलंय. उद्या येतील. काय सांगू त्यांना? रडले तर नैराश्य. ओरडले तर दुसरं काही. गप्प बसले तर त्यालाही नाव आहे. चांगली आहे म्हटलं की संपलंच.

एकच वाट आहे. हो म्हणायचं. आजारी आहे, मला परभणीला डॉक्टरकडं न्या, म्हणायचं. खरा डॉक्टर घटकाभर बोलला तरी ओळखेल. आधी या दाराबाहेर —

१७ जानेवारी
म्हटलं. शांतपणे म्हटलं. हो अप्पा, मी आजारी आहे, मला घेऊन चला.

अप्पा ढसाढसा रडले. मला वाटलं, सुटले.

आत्याबाई म्हणाल्या, बगा पाव्हणे, आता तिनंच कबूल केलं. आमी काय करणार न्हाईत का तिचं? औषधपाणी बघू की. पण तिकडं नेलं तर निकिताचं कसं होईल?

निकिता, माझी धाकटी बहीण. वैशाखात लग्न आहे तिचं. वेडी थोरली माहेरी येऊन बसली तर —

अप्पांनी माझ्याकडं बघितलंच नाही. तुझं घर हेच, बाळा, म्हणाले. चहासुद्धा न घेता गेले.

माझे अप्पा.

१९
अक्कांच्या खोलीत ठेवलंय. डॉक्टर आला नाही. येणारही नाही. कशाला येईल —

२० की २१
विरेश आत येत नाही. खिडकीतून विचारलं, तुला तरी माहीत आहे ना मी — तो म्हणाला, तूच म्हणालीस की अप्पांना.

तूच म्हणालीस —

नंतर
ओसरीत पाहुणे आलेत. नवे. बायकांचे आवाज. विरेशचं नाव घ्यायलेत. कमलबाई हसायलीय. आत्याबाई म्हणाल्या, तिलाच इचारा की, शिकलेली हाय, सोताच सांगती —

मला बाहेर नेऊन विचारणार. हो म्हटलं तर — नाही म्हटलं तर —

नाही म्हणणार. काही होऊ दे. त्यांच्या तोंडावर सांगणार, मला काही झालेलं नाही, मी चांग—